पुढे आलेली पाठ

गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते, तेवढ्यात मला पाठीत कुणीतरी टोचलं. मी वळून बघितलं तर मागे कुणीच नव्हतं. मागे भिंत, भिंतीवर आरसा, आरशात मी आणि माझ्याकडे बघणारं गिऱ्हाईक. शाहूपुरीतले गुळाचे अडते होते, अंगानं भरलेले, कानामागे काडी रुतते म्हणून तक्रार घेऊन आलेले. मी वळले तसे तेही वळले आणि त्यांनीही मागे काय आहे ते बघून घेतलं. "काय झालं ओ ताई?" असं त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, काही नाही, मान आखडलीय. मग माझं लक्ष खाली गेलं. फ्रेमची दुसरी काडी उघडीच होती आणि तिचं टोक माझ्या डाव्या छातीवर, वरच्या अंगाला, काखेच्या बाजूला कुडत्यावरून रुतलं होतं. टोचलं होतं इथं आणि कळलं होतं तिथं. मी काडी मागे घेतली, पाठीतलं टोचणं थांबलं. हळूच परत टेकवली, पाठीत परत टोचलं. अडतेसाहेब आता संशयानं बघायला लागले होते. चष्मेवालीनं चष्म्याची काडी स्वतःच्याच छातीला टोचून बघावी, हे कुणालाही विचित्रच वाटणार. मी काडी गरम करून वाकवून दिली, त्यांनी मान डावी-उजवी हलवून बघितली आणि जाता जाता दारातून एकदा परत माझ्याकडे बघितलं.

राजारामपुरीतल्या आमच्या दुकानाला मागे एक छोटी खोली आहे. तिथं मी लोकांचे नंबर काढते. खिडकी काळ्या कागदानं बंद, समोर अक्षरांचा तक्ता, एक उंच खुर्ची. त्या खोलीत जाऊन मी दार लावून घेतलं आणि कुडत्यात हात घालून शांतपणे तपासायला बसले. मला आधी घाबरायला हवं होतं, पण मी घाबरले नाही. माझा स्वभावच चौकस आहे, लहानपणी रेडिओ उघडून बसायची म्हणून आईच्या हातचा मार खाल्लाय. मी बोट छातीच्या मधोमध टेकवलं, तर छातीतच कळलं. थोडं बाहेर सरकवलं, तरी छातीतच. आणखी सरकवलं, टाक्यांची बारीक रेघ ओलांडली, आणि बोट एकदम पाठीवर गेलं. बोट पुढेच होतं, मला दिसत होतं, पण त्याचा स्पर्श मागे, खवाट्याच्या खाली होत होता. एखाद्या गावाची वेस ओलांडावी तसं. मी त्या वेशीवरून बोट अलीकडे-पलीकडे किती वेळ फिरवत बसले, देव जाणे. म्हणजे देव आमच्या घरात नाही, पण बोलायची सवय आहे.

गेल्या वर्षी याच जागेत गाठ निघाली होती. कर्करोग हा शब्द ऐकल्यावर माणसाचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, माझंही तेच झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं वेगळं काही नाही. वेगळं होतं ते पुढचं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर वर्षाराणी माझ्यापेक्षा वयानं लहान, बोलायला सडेतोड. त्या म्हणाल्या की सगळी छाती काढायची गरज नाही. गाठ आणि तिच्या भोवतीचा भाग काढू, पण गाठ मोठी असल्यानं तिथं खड्डा पडेल, रेडिएशननंतर तो आणखी आत ओढला जाईल आणि छाती एका बाजूला वाकडी होईल. म्हणून बगलेखालचा, पाठीकडे जाणारा मांसल पट्टा उचलून त्या खड्ड्यात भरू. मी विचारलं, म्हणजे कापून चिकटवायचा का? त्या म्हणाल्या, तसं केलं तर मरेल की तो. तो कापायचा सगळीकडून, पण एका जागी जिथून त्याला रक्त मिळतं ती बारीक रक्तवाहिनी तशीच ठेवायची, आणि त्या देठावर तो पट्टा पुस्तकाचं पान उलटावं तसा पुढे उलटायचा. मला ते ऐकून परसातला मांडव आठवला. वेल न तोडता लोंबणारा दुधी उचलून शेजारच्या मांडवावर ठेवतात, तो तिथं वाढतच राहतो. मी हे बोलून दाखवलं, तर डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, दुधी तसा समजूतदार असतो, पट्ट्याचे मात्र पहिले काही दिवस लाड करावे लागतात.

शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यांनी मला ताठ बसवलं आणि अंगावर पेननं रेघा मारल्या. आडवं झाल्यावर छाती पसरते, सगळी मापं चुकतात, म्हणून बसवूनच आखायचं असतं. मला माझंच काम आठवलं, आम्हीही चष्म्याच्या काचेवर डोळ्याचा मध्य माणसाला ताठ बसवूनच आखतो. मग त्यांनी पेनासारखं एक यंत्र माझ्या बरगडीवरून फिरवलं. त्यातून आधी नुसती खरखर येत होती. एका जागी एकदम भुस-भुस, भुस-भुस असा आवाज सुरू झाला. ही तुमची वाहिनी, डॉक्टर म्हणाल्या आणि तिथं फुली मारली. माझ्या अंगात अशी एक बाई इतकी वर्षं गाणं म्हणत बसली होती आणि मला पत्ताच नव्हता, असं मला तेव्हा वाटलं आणि त्या परिस्थितीतही गंमत वाटली. मग त्या माझ्या मागे गेल्या, रेघ पाठीकडे नेता नेता थांबल्या. इथं एक खूण आहे, म्हणाल्या, पट्ट्याचं टोक बरोबर हिच्यावर येतंय. वरची थोडी कातडी गाठीसोबत काढावी लागणार, त्या जागी पट्ट्याच्या टोकाची कातडी बसवायची, तर ही खूण पुढे येईल. चालेल ना? मी म्हटलं, लासं आहे ते, जन्माचं, येऊ दे. त्यांनी आणखी जवळ वाकून एक क्षण ते नीट बघितलं, एवढं मला मागून जाणवलं.

पट्टा जगला. नर्स दर थोड्या वेळानं येऊन त्यावर बोट दाबायची, बोट काढल्यावर पांढरं पडलेलं परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघायची आणि मान डोलावून जायची. मग केमो झाली, केस गेले, मग रेडिएशन झालं, कातडी काळवंडली, सोलली, परत आली. घरी सगळ्यांना वाटलं की संपलं. माझ्या नवऱ्याला, प्रसेनजीतला, तर इतकं वाटलं की त्यानं तो विषयच कडी-कुलपात टाकला. माणूस सोन्यासारखा आहे, वीज मंडळात आहे, खांबावर चढलेल्या पोरांची आईसारखी काळजी घेतो. माझीही तशीच घ्यायला लागला, म्हणजे लांबून. पाठीत खाज सुटण्याचा प्रकार तेव्हापासूनचा. खवाट्याखाली खाज सुटायची, प्रसेनजीतला म्हणायचे खाजव, तो बिचारा सगळी पाठ उकरून काढायचा आणि खाज जिथल्या तिथं. तिथं आता नुसती आडवी टाक्यांची रेघ, खाजायला तिथं कोण राहिलंय? काडी टोचली त्या दिवशी मला हे कोडं सुटलं. घरी गेल्यावर खाज सुटली तशी मी छातीवर खाजवलं आणि पाठ निवली. मी इतकी खूश झाले की प्रसेनजीतला हाक मारली आणि त्याचा हात धरून त्या जागी ठेवला. म्हटलं, सांग, तू मला आत्ता कुठं हात लावलायस? तो लाजला, म्हणाला, इथं. मी म्हटलं, चूक, पाठीवर. तो जे हसला ते बऱ्याच महिन्यांनी हसला. पण हसून झाल्यावर त्यानं हात काढून घेतला आणि तसं नको असायला असं काहीतरी पुटपुटला. मला त्याचा राग आला नाही, वाईट मात्र वाटलं.

पुढच्या तपासणीला मी हे सांगितलं, तर डॉक्टर वर्षाराणींना नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, पट्ट्याबरोबर एखादी नस जिवंत आली असणार, आणि मेंदूच्या हिशेबी ती अजून पाठीचीच नस आहे. काही जणींचा मेंदू हळूहळू शिकतो, काहींचा कधीच शिकत नाही. मग त्यांनी तपासलं, सोनोग्राफीचे कागद बघितले, सगळं स्वच्छ आहे म्हणाल्या आणि सहज म्हणाव्या तशा पुढे म्हणाल्या की आता कातडी सैल झालीय, वरचा हा कातडीचा तुकडा हवा असेल तर काढून टाकता येईल. जागेवर भूल देऊन, तासाभराचं काम. आतलं मांस राहील, छातीचा आकार तोच राहील, फक्त हा वेगळ्या रंगाचा तुकडा आणि त्यावरची खूण जाईल, कडेला कडा मिळवून एक बारीक रेघ उरेल. स्पर्शाचा घोळही बहुतेक जाईल. रेडिएशन झालेली कातडी जरा उशिरा भरते, तेवढा धोका आहे. आजारासाठी काढायची गरज नाही, तुम्हाला हवं असेल तरच. आणि एकदा काढला की काढला. विचार करून पुढच्या आठवड्यात कळवा, असं म्हणून त्या हात धुवायला गेल्या. मी कपडे सारखे करत होते. त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं, "अक्षताताई, लासं आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, घरच्यांनी. त्या नुसतं "अच्छा" म्हणाल्या.

त्या एका अच्छानं माझी झोप उडवली. डॉक्टर लोकांची अच्छा म्हणण्याची एक रीत असते, मीही तशी म्हणते, जेव्हा कुणी येऊन सांगतं की डोळ्यात पाणी येतं ते टीव्हीमुळं. गंमत म्हणजे ती खूण मी जन्मभर बघितलीच नव्हती. ती पाठीवर अशा जागी होती की दोन आरसे घेऊनही नीट दिसायची नाही. शाळेत मैत्रिणी म्हणायच्या, लग्नानंतर प्रसेनजीत म्हणाला, लासं आहे, छान आहे. मी मान्य केलं. माणूस आपल्या पाठीबद्दल लोकांवरच विश्वास ठेवतो, दुसरा इलाज काय? आता ती खूण पुढे आली होती, रोज अंघोळीला माझ्यासमोर असायची, आणि तरी मी तिच्याकडे लासं म्हणूनच बघत होते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी मागच्या खोलीत दिवा लावून बसले आणि काचेवरचे ओरखडे बघायचं माझं भिंग काढलं. लासं म्हणजे साधी कातडीच असते, फक्त रंगानं गडद, तिच्यावर बारीक भोकं असतात, लव असते. माझ्या खुणेवर भोकं नव्हती, लव नव्हती. ती गुळगुळीत होती, चकाकणारी, कडेला सुरकुतून ओढली गेलेली. दुधावरची साय बोटानं ढकलल्यावर होते तशी. आमच्या कारागिराच्या मनगटावर हीटरवर भाजल्याची अशीच खूण आहे, ती मी रोज बघते. मी भिंग खाली ठेवलं. मला कधीतरी कुणीतरी भाजलं होतं.

आता आमचं घर कसलं ते सांगितलं पाहिजे, त्याशिवाय यातली गोम कळायची नाही. माझे वडील यल्लाप्पा, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, गडहिंग्लजच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. घर नेसरीला. आज्जानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्यातलं सगळं नदीला दिलं, पण आप्पा आज्जाच्याही पुढचे. गंडा, दोरा, अंगारा, लिंबू-मिरची असलं काही दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. विहारात भाषण करायचे तेही इंजिनाच्या भाषेत. गाडी बंद पडली तर नारळ फोडता का प्लग काढून बघता, असं विचारायचे आणि लोक हसायचे. तिकडे शेजारणी आईला म्हणायच्या, पोरीच्या पाठीवर लासं आलंय, ग्रहणात काय चिरलंस गं. आप्पा ते ऐकून ओसरीवरून ओरडायचे की ग्रहणाचा काही संबंध नसतो, एके ठिकाणी रंगपेशी जास्त झाल्या की लासं होतं. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढे शाळेत रंगपेशी शिकवल्या तेव्हा मला त्या आमच्या घरच्याच वाटल्या. आई, शेवंताबाई, अशा वेळी काही बोलायची नाही, कामात असायची. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. आप्पा आमच्याकडेच असतात, ऐंशीच्या पुढे गेलेत, रोज दोन पेपर वाचतात आणि दोन्ही पेपरांशी भांडतात. भाजल्याचं त्यांना विचारावं असं मला एकदा वाटलं. पण मग वाटलं, ते लासं म्हणत आलेत म्हणजे त्यांना लासंच ठाऊक आहे. विचारायचं तर आक्काला.

आक्का माझी थोरली बहीण, इचलकरंजीत असते, घराला लागून यंत्रमागांचं शेड आहे, त्यामुळे ती फोनवर कायम ओरडूनच बोलते. मी विचारलं तर आधी तिला ऐकूच आलं नाही. मग ती शेडपासून लांब आली असावी, कारण आवाज कमी झाला. आणि तिनं असं सांगितलं, जसं काही मी भाकरीचं पीठ कुठं ठेवलंय ते विचारलं होतं. "लासं कसलं? आईनं डागलीया तुला. म्या तुझं पाय धरलतं." मग एकेक करून सगळं आलं. आक्काच्या पाठीवर झालेली दोन पोरं पाळण्यातच गेली होती. मी झाले ती आईच्या माहेरी, हुक्केरीकडच्या खेड्यात. तिथल्या बायांनी आईला सांगितलं की पोर अशी निर्मळ ठेवू नकोस, अंगावर एक कायमची खोट ठेव, म्हणजे मरण बघून परत जातं. तोंडावर तीट लावतात ती पुसली जाते, ही पुसायची नाही. पुढे लग्न ठरायला अडचण नको म्हणून पाठीवर. चुलीत दाभण तापवलं, आईनं मला पालथं मांडीवर घेतलं, आक्कानं पाय धरले. आप्पांना कळलं तर घर डोक्यावर घेतील, म्हणून ते यायच्या आधी उरकलं आणि आक्काला शेंगदाण्याचा लाडू देऊन बजावलं की कुणी विचारलं तर म्हणायचं, जन्माचं लासं आहे. आक्का म्हणाली, तू लई रडलीस, पण तुला आठवत नसणार. मी म्हटलं, नाही. मग शेडमधून कुणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

मला संताप आला. कॅन्सरवर आला नव्हता इतका आला, कारण कॅन्सर कुणी केला नव्हता. महिन्याचीही नसेन मी. आणि आमच्या घरात, जिथं नारळ फोडत नव्हते, तिथं माझ्या आईनं माझ्या अंगावर लाल दाभण ठेवलं, वर जन्मभर लासं लासं म्हणून मला फसवलं, आप्पांना फसवलं. तो बिचारा माणूस ओसरीवर बसून गावाला रंगपेशी समजावून सांगत होता आणि ही आत भाकऱ्या थापत होती. मी आईचा हात डोळ्यांसमोर आणून बघायचे. आईचा हात मला चांगला आठवतो, रुंद, घट्ट, मार बसला की बसला. तो हात दाभण धरून खाली येताना मला दिसायचा, अजिबात न कापणारा. आणि ते नेमकं माझ्या छातीवर येऊन बसलं होतं, रोज सकाळी माझ्याकडे बघत होतं. दोन दिवस मी असं धुमसले आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन करून सांगितलं की तुकडा काढायचा. गुरुवारची वेळ मिळाली. प्रसेनजीतला बरं वाटलं. एक तर घोळ संपेल, दुसरं म्हणजे, तो म्हणाला, तुझं तुलाच तिकडं बघवत नाही हे मला दिसतंय. आप्पांना एवढंच सांगितलं की छोटीशी दुरुस्ती आहे. दुरुस्ती म्हटलं की त्यांना पटतं.

बुधवारी सकाळी आप्पा दुकानात आले. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांचा नंबर ठरत नव्हता, पेपरातली बारीक अक्षरं पळतात म्हणून कुरकुर चालू होती. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं, उंच खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जाड फ्रेम चढवली आणि दिवा घालवला. या तपासणीत समोरच्यानं लांब, आतून उजळलेल्या तक्त्याकडे बघायचं असतं आणि अजिबात हलायचं नसतं. मी हातभर अंतरावर बसून त्यांच्या डोळ्यात उजेडाची बारीक रेघ टाकते आणि बुबुळातून परत येणारा तांबूस उजेड कुणीकडे सरकतो ते बघते. एवढ्या जवळून, अंधारात, आपण एरवी आपल्या वडिलांकडे कधी बघत नाही. त्यांचा श्वास माझ्या मनगटावर येत होता. विचारायचं मी ठरवलं नव्हतं. पण उद्या ते जाणार होतं आणि या माणसाला कधीच कळणार नव्हतं, हे मला एकाएकी सहन झालं नाही.

"आप्पा, माझ्या पाठीवरचं लासं आठवतंय?"

"आठवतंय की."

"ते लासं न्हाय."

आप्पा हलले नाहीत. मी हलू नका म्हटलं होतं. माझ्याच हातातला उजेड हलला आणि त्यांच्या बुबुळातला तांबूस गोल विझून परत लागला.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले.

त्यांनी तक्त्यावरची नजर काढली नाही, तिथंच बघत सावकाश बोलले. "तुला बघाय हुक्केरीला आलतो. उचलून घेतली तर पाठ हाताला लागली. सायलेन्सरवर हात भाजून घेण्यात जन्म गेला माझा. भाजलेलं कातडं बोटाला कळणार न्हाय व्हय? तुझी आई म्हणली, लासं हाय. म्हटलं, बरं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"काय बोलू? दोन पोरं ह्या हातानं मातीत ठेवलीती. गावाला अक्कल शिकवीत हिंडायचो. आणि तिनं तुला डागली हे कळलं, तवा मला राग आला न्हाय अक्षता. बरं वाटलं. म्हटलं, काय सांगावं, लागू पडंल. तेवढ्यापुरता मी बी तसलाच झालो. त्या डागानं तू जगलीस, असं मी मराय लागलो तरी म्हणणार न्हाय. पर बरं वाटलं हे खरं हाय."

त्या दिवशी डेपोतलं भाजल्यावर लावायचं मलम त्यांच्या खिशात होतं, ते आई पाण्याला गेल्यावर त्यांनी मला लावलं होतं. आई परत आली, तिनं बघितलं आणि हे चकाकतंय कसं म्हणून दचकली. आप्पा म्हणाले, लासं असंच असतं, रंगपेशी जास्त झाल्या की चकाकतं. तेव्हा त्यांच्या तोंडाला जे आलं तेच ते पुढे जन्मभर ओसरीवरून गावाला सांगत राहिले. आईला वाटत राहिलं की यांना ठाऊक नाही, आणि तिला तसं वाटत राहावं म्हणून यांनी विज्ञानाची शपथ मोडली. मला हसू आलं. आप्पांनी विचारलं की ते लासं आता गेलं का, ऑपरेशनात. मी म्हटलं, नाही, पाठीचं मांस पुढे घेतलंय, त्याच्याबरोबर पुढे आलंय. ते थोडा वेळ विचार करत राहिले, एखाद्या इंजिनाचा कुठला भाग कुठं गेला ते लावत असावेत तसे.

"म्हंजे तुला दिसतंय आता."

"दिसतंय."

"तू मोठी झालीस, मी काय परत बघितलं न्हाय. कसं हाय?"

जन्मभर मी या खोलीत लोकांना काय दिसतंय ते विचारत आले. मला कुणी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि कुडत्यावरून त्या जागेवर बोट ठेवलं, म्हणजे नीट सांगता येईल. म्हटलं, लांबट आहे, काकडीच्या बीसारखं. एका टोकाला खोल आहे, तिथं बोटाला खड्डा लागतो. मग पुढे उथळ उथळ होत जातं. दुसऱ्या टोकाला तर खूणच नाही, नुसती फिकट रेघ आहे, दिसली तर दिसली.

आप्पांनी आपला उजवा हात समोर धरला, मुठीत काहीतरी धरावं तसा, आणि अंधारात तो खाली नेऊन बघितला. "दाभण आडवं ठेवायचं आसतंय," ते म्हणाले, "सगळं एका दमात. त्या बायका तसंच सांगत्यात." मूठ त्यांनी परत खाली नेली, या वेळी मध्येच वर घेतली. "तिनं टोक टेकवलं आणि उचललं. पुरं ठेवाय झालं न्हाय तिला."

त्या रुंद, घट्ट हाताबद्दल मी आठवडाभर जे काही मनात बोलले होते ते सगळं माझ्यासमोर आलं. गाठ कळली तेव्हा मी रडले नव्हते, केस गेले तेव्हा नाही, कातडी सोलली तेव्हाही नाही. त्या खोलीत मी मोठ्यानं रडले, बाहेर कुणी गिऱ्हाईक आलं असेल नसेल याचा विचार न करता. आप्पा तसेच ताठ, तक्त्याकडे बघत, नाकावर जड फ्रेम घेऊन. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आता हललं तर चालंल न्हवं?" मी हो म्हटलं, तेव्हा ते खुर्चीतून खाली उतरले आणि अंधारात चाचपडत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुपारी मी दवाखान्यात फोन करून गुरुवारची वेळ रद्द केली. पलीकडच्या मुलीनं विचारलं, मग पुढची कुठली तारीख देऊ? मी म्हटलं, नको, राहू दे ते तसंच.